विजेच्या इंजिनावर काजळाचा धूर

परळी वैजनाथ

प्रिय प्रणिता,

तू पहिल्या पगारातून पाठवलेलं छोटं इंजिन तीन वर्षं कपाटावर तसंच पडून होतं. आपलं बोलणं बंद, तसं तेही बंद. मागच्या महिन्यात खाली काढलं. हातभरही नाही, पण दिवे, पायऱ्या, चाकं सगळं जागच्या जागी. फक्त भलतंच चकचकीत. चौतीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसाला असं न मळलेलं इंजिन बघवत नाही, म्हणून कामाला लागलो.

परळीत वीजकेंद्राच्या राखेला काय तोटा? खिडकीवर बोट फिरवलं की निघते. ती पातळ गोंदात कालवून बाजूंना लावली. ब्रेक घासून लोखंडाचा तांबूस भुगा उडतो ना, त्यासाठी चाकांपाशी गेरू. दाराखाली पानाची पिंक रंगवणार होतो, पण म्हटलं, पोरीचं इंजिन आहे. शेवटी तुझ्या आईच्या डबीतलं काजळ घेऊन टपावर झकास धूर चढवला. तिनं पाहिलं आणि म्हणाली, ‘अवो, पोरीचं इंजिन इजेवर चालतंय. त्याला धूर कावून?’ तारेला टेकणारा वरचा सांगाडा मीच सकाळी चिकटवला होता, तरी हात डिझेलच्या सवयीनं टपाकडे गेला. आम्ही दोघं लई हसलो. मग मला जेवण गेलं नाही. आपली मुलगी काय चालवते, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

तुझं इंजिन नीट बघावं म्हणून स्टेशनात गेलो. बाहेरगावचे ड्रायव्हर जिथं विसावा घेतात, त्या रनिंग रूमवरचा स्वयंपाकी बद्रीनाथ मला बघून म्हणाला, ‘अप्पा, पोरगी कोळशाची गाडी घेऊन चारदा आलती. हितंच जेवती, हितंच झोपती. आमी म्हणलं घरी जा, तर नुसती हसती.’

मंगळवारी तुझी गाडी येतेय म्हणून त्यानं निरोप धाडला. मी फलाटाच्या टोकाला पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो. तू उजव्या खिडकीत होतीस. केस रुमालात बांधलेले, पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळलेलं. खाली उतरून एकेका चाकापाशी वाकलीस आणि हाताची पाठ लावून तापलंय का ते बघितलंस. मी तुला हे कधी शिकवलं नव्हतं, तरी अगदी माझ्यासारखं. मग पिशवी खांद्याला लावलीस, आपल्या गल्लीकडे एकदा बघितलंस आणि रनिंग रूमकडे वळलीस. मी टाकीआडच राहिलो.

‘ही नोकरी धरलीस तर माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको,’ असं मी म्हणालो होतो. बाईमाणसाचं काम नाही वगैरे बडबडलो, ते सगळं खोटं. मला भीती वाटत होती. गाडीपुढं माणूस आला की काय होतं ते मी दोनदा पाहिलंय, तुला ते पाहावं लागू नये एवढंच पोटात होतं. आणि तू माझा शब्द असा पाळलास की दहा मिनिटांवर घर असून परक्यासारखी झोपलीस. तो शब्द मी परत घेतो. समोर उभा राहून हे सांगताना मला रडू येईल, म्हणून लिहून बद्रीनाथच्या हाती देतोय. वाचून झालं की तिथं जेवायला बसू नकोस. मी बाहेर लिंबाखाली बसलोय.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
अप्पा