गोगलगायीचा ठसा

गार्दोने, ९ जानेवारी २०२४

चि. एत्तोरेस,
अ. उ. आ.

आशीर्वाद धाकट्या भावाला द्यायची रीत आहे म्हणून दिले. पुढे जे लिहिणार आहे त्यात आशीर्वादासारखं काही नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच ठेवून देतोस आणि बाबा शेजारच्या खुर्चीतच असतात. डोळे गेल्यापासून त्यांना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

शुक्रवारी ठाण्यातला अधिकारी आला होता. वर बोवेन्योला ओस्वाल्दो नावाचा पाववाला आहे. नोव्हेंबरात तो शिकारीला गेला असताना त्याची दुनळी हातात फुटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. बंदूक आपल्या दुकानातली. नळी जिथे मिटते ती पोलादी पेटी चिरली. अधिकाऱ्यानं पेटीच्या आतल्या बाजूचा फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं, ही खूण कुणाची? मी बघितलं तर गोगलगाय. मी काही बोलायच्या आत बाबांनी मला विचारलं, काय आहे ग? माझ्या तोंडून निघून गेलं, आपली गोगलगाय आहे, बाबा.

ती गोगलगाय म्हणजे काय, हे तुला सांगायला नको, तरी सांगते. पेटीला दिव्याची काजळी धरायची, नळी मिटायची, उघडायची, काजळी कुठे पुसली गेली ते बघायचं, तिथे कानस मारायची. दिवसभर तेच. मिटताना कुठेच अडत नाही असं झालं की मग ठशावर हातोडा. आजोबांच्या संथपणावरून लोक त्यांना गोगलगाय म्हणायचे, आणि त्यांनी तीच खूण घेतली. मी हे मिटवून पाहिलंय, एवढाच तिचा अर्थ.

बाबांना वाटतंय, ही त्यांच्या कामाच्या शेवटच्या हिवाळ्यातली बंदूक. त्या रात्री त्यांनी कबूल केलं की तेव्हाच त्यांना नीट दिसत नव्हतं आणि त्यांनी आपल्यापासून ते लपवलं होतं. म्हणाले, मला दिसत नव्हतं देल्फिना, तरी मी ठसा मारत राहिलो, त्या माणसाची बोटं मी खाल्ली. तेव्हापासून ताटातली मक्याची पोलेंटा तशीच गार होते.

ती पेटी त्यांच्या हाताखालून गेलीच नव्हती. त्याच हिवाळ्यात दुकानाचा कारभार तुझ्याकडे होता आणि तू चाळीस पेट्या बाहेरच्या कारखान्यातून यंत्रावर छापून आणल्या होत्यास. हे तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. बाबांना तू स्वतः सांग. 

या पत्रापुरता लोभ बाजूला ठेवते.
देल्फिना

*

लिन्झ, १७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हात भाजले. त्या पाववाल्याचं फार वाईट वाटलं, हे आधी लिहितो, नाहीतर तू म्हणशील की मी यंत्रच झालोय.

पण ताई, तू मला गुन्हेगार ठरवतेस ते मान्य नाही. पोलादाची भुकटी पसरायची, लेसरच्या किरणानं ती हव्या तिथे वितळवायची, थरावर थर. आत अशा पोकळ कमानी ठेवता येतात ज्या कुठल्याही कानशीला जमणार नाहीत. पेटीचं वजन तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतं. केसाच्या दहाव्या भागाइतका फरकही मोजता येतो. बाबा काजळीनं तीन दिवसांत जे करायचे ते इथे एका रात्रीत होतं, आणि चाळीसच्या चाळीस नग सारखे. सरकारी चाचणीघरात जादा दारूची काडतुसं मारून त्या सगळ्या तपासल्या गेल्या आणि टिकल्या. एकाच पेटीत सुईच्या टोकाएवढी पोकळी राहिली होती आणि ती शेकडो बारांनंतर वाढत गेली, याला मी काय करू? छापल्यावर पेट्या भट्टीत दाबून घ्यायच्या असतात, म्हणजे अशा पोकळ्या बुजतात. कारखानदारानं ते केल्याचा कागद मला दिला होता.

गोगलगायीचं म्हणशील, तर तो ठसा मी चोरला नाही. बाबांच्या एका जुन्या पेटीवरून तो कॅमेऱ्यानं उतरवला, यंत्रासाठी त्याच्या खरबरीत कडा साफ केल्या आणि आराखड्यात बसवला. त्यांचे डोळे जाणार हे मला दिसत होतं. त्यांच्यानंतरही ती खूण राहावी असं वाटलं. तुला आठवतं का, लहानपणी तू मला गोगलगायीचं शेपूट म्हणायचीस? मग त्या खुणेवर माझा काहीच हक्क नाही?

आता बाबांना सांगून काय मिळणार? ते ऐंशी पार केलेले. आधीच खचलेत, त्यात मुलानं फसवलं म्हणून आणखी खचतील. थोडे दिवस जाऊ दे, विसरतील. त्यांच्यासाठी लोकरीची बंडी पाठवतोय.

रागावलेली का होईना, ताई म्हणून राहा.
तुझा
एत्तोरे

*

गार्दोने, २४ जानेवारी

चि. एत्तोरेस,
अ. उ. आ.

बंडी पोचली. बाबांनी हात लावून विचारलं, कुणी पाठवली? तू पाठवलीस म्हटल्यावर म्हणाले, पोर लांब राहून किती काळजी करतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं आपटलं.

यंत्राशी माझं भांडण नाही, हे तू मुद्दाम विसरतोस. हलकी पेटी कर, पोकळ कर, भुकटीची कर, हवेची कर. तिच्यावर तुझं नाव घाल! तुला नवं पोलाद हवं होतं आणि विकायला मात्र म्हाताऱ्याचा हात हवा होता. गिऱ्हाइकाला तू सांगितलंस का, की ही गोगलगाय कुणी ठोकलेली नाही, ती पेटीबरोबरच उगवली आहे? पेटी मिटायच्या आधीच खूण तयार! ती साक्ष कशाची? न पाहिलेल्याची साक्ष देणाऱ्याला आपल्या खोऱ्यात काय म्हणतात, ते मी पत्रात लिहीत नाही.

म्हणतोस, त्यांच्यानंतरही राहावी म्हणून. अरे, ते जिवंत आहेत! शेजारच्या खोलीत बसलेत, मांडीवर हात पालथे ठेवून. काल मला म्हणाले, हे हात आता बघवत नाहीत. ज्यांना काहीच दिसत नाही ते असं म्हणाले.

आणि माझंही ऐक. त्या चाळीस बंदुकांचे लाकडी दस्ते माझ्याकडेच आले होते. त्यांच्यावर जाळी मीच कोरली. एका पेटीवर बोट फिरलं तेव्हा खूण वेगळी, गुळगुळीत लागली होती. मला वाटलं, किती सुबक. विचारलं नाही. दस्त्याचे पैसे वेळेवर मिळत होते आणि मी मान खाली घालून कोरत राहिले. म्हणून तुझ्यावर ओरडते तेव्हा अर्धा आवाज माझ्याच अंगावर येतो. तू लिहिणार, की मग बाबांना तूच सांग. दोनदा त्यांच्यासमोर जाऊन बसले. दोन्ही वेळा त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, माझ्यामुळे तुलाही लोक बोलतात का ग? मी नाही म्हणाले आणि उठून आले.

रविवारी, चार तारखेला, बाबा बोवेन्योला जाणार आहेत. त्या माणसासमोर उभं राहून माफी मागायची म्हणतात. त्याआधी ये.

आल्यावर लोभाचं बघू.
देल्फिना

*

लिन्झ, ३१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. वकिलांशी बोललो. चौकशी चालू असेपर्यंत मी कुणाला काही लिहू-बोलू नये, असा त्यांचा सल्ला आहे. बाबांच्या वयाकडे बघता त्यांना कुणी हात लावणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. माझं तसं नाही. इथली नोकरी नवी आहे. हे पत्र वाचून जाळून टाक.

बाबांना रविवारी नेऊ नकोस. थंडी आहे, घाटात बर्फ असेल, काहीतरी निमित्त काढ.

राग गिळ, एवढीच विनंती.
तुझा
एत्तोरे

*

गार्दोने, ६ फेब्रुवारी

एत्तोरे,

पत्र जाळलं नाही. शेगडीत घालायच्या लायकीचंही ते नव्हतं.

आम्ही गेलो. बाबांनी लग्नातला कोट घातला होता आणि तुझी बंडी आतून. बेकरीच्या मागच्या खोलीत ओस्वाल्दो बसला होता. पन्नाशीचा, जाडजूड, मिशीला पीठ. बाबांनी टोपी काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, मी फाउस्तीनो, तुमची बंदूक मिटवणारा, मला दिसत नव्हतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही, तुमच्या हाताचं माझ्याच्यानं काही भरून येणार नाही, पण तुम्ही शिव्या द्याल त्या घ्यायला मी स्वतः आलोय. ओस्वाल्दोनं उजव्या हातानं मिशीवरचं पीठ पुसलं. मग म्हणाला, आजोबा, शिव्यांची मी यादी करून ठेवली होती, पण ती दुकानाच्या मालकासाठी होती, आंधळ्या माणसासाठी नव्हती. बसा, पाव गरम आहे.

पेटीचा एक तुकडा तपासणीनंतर त्याला परत मिळाला होता. बाबांनी तो मागितला. अंगठ्यानं चाचपला. गोगलगायीवरून अंगठा एकदा गेला, परत आला, परत गेला. हातोडा बसला की ठशाभोवती धातूची कड वर उचलली जाते. ती त्यांनी जन्मात कधी घासली नाही. पुढच्या माणसाच्या हाताला ती लागायला हवी म्हणायचे. तू ती साफ केलीस. तुला ती खरबरीत वाटली.

बाबांचा चेहरा मी बघत होते. त्यांना कळलं, एत्तोरे. सगळं कळलं. त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि ओस्वाल्दोला म्हणाले, हो, माझीच आहे.

गाडीत मी रडायला लागले, ओरडायलाही लागले. म्हटलं, बाबा, खोटं का बोललात? ते म्हणाले, रस्त्याकडे बघ, घसरशील. खालचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, एत्तोरेला अजून तीस वर्षं काम करायचंय, मला कुठे करायचंय. आणि मला शपथ घातली, की तुला त्यांना कळलंय हे कळू द्यायचं नाही. ती शपथ मी या कागदावर मोडते आहे. जे व्हायचं ते होवो.

आता शेवटचं. बुधवारी, चौदा तारखेला, अधिकारी जबाब घेऊन घरी येणार आहे. त्यात लिहिलंय की पेटी बाबांनी तपासली, खूण त्यांनीच मारली. सही करताना त्यांना जागा दिसत नाही. त्यांचं बोट धरून मी रेघेवर ठेवते, मग ते नाव लिहितात. पेन्शनच्या कागदांवर तसंच करतो आम्ही.

बुधवारी मी त्यांचं बोट धरणार नाही. पण ते शेजारणीला बोलावतील आणि ती धरेल, कारण तिला काही माहीत नाही.

देल्फिना

*

लिन्झ, ९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
एत्तोरेचे शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र ताई तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवेल. ताई, एकही शब्द गाळू नकोस. सौम्य करू नकोस.

बाबा, बोवेन्योची बंदूक तुम्ही मिटवली नाही. ती पेटी मी बाहेरून छापून घेतली. तुम्ही त्या हिवाळ्यात समोरच्या टेबलाशी बसून दुसऱ्याच बंदुका घासत होतात आणि मी तुमच्या पाठीमागे त्या चाळीस बांधत होतो. तुमची खूण मी न विचारता घेतली. ती राहावी म्हणून घेतली असं मी ताईला लिहिलं. ते थोडं खरं आहे. जास्त खरं हे, की माझ्या नावावर कुणी तेवढे पैसे मोजले नसते. भट्टीतल्या कामाचा कागद मी नीट वाचलाही नव्हता. काजळी धरायला तर मला वेळच नव्हता.

हे सगळं मी सही करून ठाण्याला पाठवलं आहे. उरलेल्या एकोणचाळीस बंदुकांचे नंबरही, म्हणजे कुणी त्या पुन्हा हातात धरू नयेत. वकील चिडलेत. इथे नोकरीच्या ठिकाणीही सांगितलं. पुढचं काय होईल ते माहीत नाही.

बुधवारच्या कागदावर सही करू नका. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात हे ताईच्या पत्रात वाचल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बसलो. तुम्ही मला चार कानशिलात मारल्या असत्यात तर बरं वाटलं असतं. तेवढ्यासाठी तरी हात जपून ठेवा.

मंगळवारी निघतो. आधी बोवेन्योला जाईन, मग घरी. घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही आणि ताई ठरवा. ओस्वाल्दोची ती यादी माझ्यासाठी होती, ती पुरी ऐकून घेईन. त्याच्यापुढे उभं राहून काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही. तुम्ही काय बोललात ते ताईनं लिहिलंय. पण ते शब्द तुमचे आहेत, बाबा. ते मी वापरणार नाही.

लोभ मागत नाही.
एत्तोरे