आवाज वाढवायचं बटण खालीच राहील

आरिल्ये, रविवार, जेवणानंतर

प्रिय मेहुणे स्रेतेन यांस,

आधी हिशेब, मग खुशाली. तू दिलेल्या गाडीच्या स्टीअरिंगवर आवाज कमी-जास्त करायची जी दोन बटणं आहेत, प्रत्येकी हरभऱ्याएवढी, ती एकमेकांच्या जागी बसवायला मला खरोखर काय पडलं ते मीच सांगतो, कारण तुझी बहीण फोनवर वेगळंच सांगेल. एक बुधवारची सकाळ. उजव्या अंगठ्याचं अर्धं नख. तुझ्या त्याच बहिणीचा, देसांकाचा, नऊ दिवसांचा अबोला (त्यातले पहिले दोन दिवस मी खर्चात धरत नाही, ते बरे गेले). आणि कूम ग्वोझ्देन यांची तीन किलोमीटरची पायपीट, भर जुलैच्या उन्हात, फुलं बांधलेली, राकिया दारूची लाकडी सुरई काखेत मारून. बस. याच्यावर एक पै नाही. चिकटपट्टी दुकानातलीच होती.

तुझी कंबर कशी आहे? ग्राझच्या डॉक्टरीणबाईंनी रोज जमिनीवर पडून पाय वर करायला सांगितलेत म्हणे. कर. आम्हीही इथे सुखरूप आहोत. रासबेरीची तोडणी आठवडाभरात आटपेल, आणि ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आमच्या ओग्न्येनचं लग्न. तू येणार हे मी धरूनच चाललो आहे, त्यामुळे येतो की नाही हे कळवू नकोस.

आता बटणांविषयी. गाडी उत्तम आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण ज्या कोणी शहाण्याने त्या बटणांची मांडणी केली, त्याने आयुष्यात अकॉर्डियन हातात धरलेलं नाही, हे मी लिहून देतो. वरचं बटण दाबलं की आवाज वाढतो, खालचं दाबलं की कमी होतो. का? कोणी ठरवलं? बटणांचं अकॉर्डियन छातीशी धरलं की हनुवटीकडची बटणं खर्जाची असतात, आणि हात गुडघ्याकडे उतरत जाईल तसा सूर चढत जातो. माझा उजवा हात याच शिस्तीत वाढला. पंक्चरचं दुकान टाकण्याआधी दहा वर्षं मी लग्नं वाजवली (स्वतःचंही, नवरीला नाचायला माझ्या धाकट्या भावाचा हात धरावा लागला), आणि एकदाही बटणांकडे पाहिलं नाही. आज गाड्या उचलायच्या चार लिफ्टचं दुकान आहे, तुतारीवाल्यांचा बँड शेजारी वाजत असताना ट्यूबमधून हवा कुठून सुटते ते मी कानाने सांगतो. आणि या माणसाने, आवाज चढवायचा तर अंगठा वर न्यायचा, हे एका कारखान्याकडून शिकायचं? माझी पेटी माळ्यावर तिच्या काळ्या खोक्यात आहे, किल्ली माझ्या खिशात आहे, आणि आजही काढली तर झोपेतसुद्धा एक सूर चुकणार नाही. देसांका म्हणते, सूर चढणं वेगळं आणि आवाज वाढणं वेगळं. तिला दोन्ही सारखेच नकोसे असतात, मग फरक कशाला करते?

तर बुधवारी बॅटरीची तार काढली, अर्धा तास थांबलो (स्टीअरिंगमध्ये ती हवेची पिशवी असते, ती तोंडावर फुटू नये म्हणून), स्टीअरिंगचं मधलं झाकण उचकटलं आणि बटणांच्या रबरी टोप्या अदलून बदलून लावल्या. सगळं परत जोडलं, रेडिओ लावला. अधिकाचं चिन्ह खाली आलं होतं, पण दाबलं की आवाज कमीच होत होता. टोप्या बदलल्या होत्या, डोकी तीच होती. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा अर्धा तास, आणि या खेपेला आतल्या तारा बदलल्या. नख तिथे गेलं. पण तू येऊन बघ: खाली दाबलं की चढतो, वर दाबलं की उतरतो. पहिल्यांदा त्या गाडीत मी माणसासारखा बसलो.

दुसऱ्या दिवशी लग्नाची आमंत्रणं द्यायला निघालो. शेजारच्या सीटवर कूम ग्वोझ्देन. (चार पिढ्या त्यांच्या घराने आमच्या लग्नांत साक्षीला उभं राहायचं आणि आमच्या मुलांची नावं ठेवायची, कुमाला नाही म्हणायचं नसतं, हे तू ऑस्ट्रियात राहून विसरला नसशील.) त्यांच्या मांडीवर ती सुरई (घरोघर तिच्यातला घोट घेतला-दिला की आमंत्रण झालं), मागे देसांका, आणि रेडिओवर तुताऱ्या जोरात. सहा घरं झाली, म्हणजे कुमांचे सहा घोट झाले. मी चालवत होतो, मी ओठ लावण्यापुरता. वळणावर स्तानाचं घर लागलं. तिचा नवरा रादोये जाऊन महिना झाला नव्हता, फाटकावर काळं कापड होतं आणि ती स्वतः फाटकात उभी होती. अशा घरापुढून गाणं वाजवत जायचं नाही. मागून देसांका ओरडली, “अरे, आवाज बंद कर, लाज आहे का!” माझा अंगठा निघाला होता, योग्य बटणाकडेच निघाला होता. पण कूम मदतीला धावले. त्यांनी हात लांबवला आणि आवाज कमी करायला कोणीही दाबेल ते, म्हणजे खालचं, बटण दाबलं, आणि दाबून धरलं.

स्रेतेन, त्या गाडीला केवढा आवाज आहे हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. मी गडबडीत म्हणालो, “हात काढा हो तिथून!” कुमाला. लोकांसमोर. गाडी थांबली तेव्हा सगळं शांत झालं आणि स्ताना खिडकीशी आली. म्हणाली, “रादोयेला हे गाणं आवडायचं. येतानाही याच रस्त्याने या.” म्हणजे जिचं सुतक तिची तक्रार नव्हती, हे ध्यानात घे. पण कूम खाली उतरले, सुरई घेतली आणि चालू लागले. मी तीन किलोमीटर पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या बाजूने गाडी नेली. त्यांनी एकदाच मान वळवली, आणि तीही एक ट्रॅक्टर जाऊ द्यायला.

नऊ दिवस सुरई त्यांच्याकडे. सुरई नाही तर आमंत्रणं नाहीत, आणि कूम रुसलेले तर ओग्न्येन चर्चमध्ये कोणाला घेऊन उभा राहणार? शेवटी काल देसांकाने त्यांना आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. मी माफी मागितली, हात लावू नका म्हटल्याबद्दल. बटणांबद्दल नाही, हे स्पष्ट केलं.

“कुमा,” ते मला म्हणाले (कूम दोन्हीकडून कूमच), “म्हणजे तुझ्या बोटांना अजून सगळं आठवतं?”

“तुमच्या नावाइतकं.”

“मग पोराच्या लग्नात वाजव. नवरी उंबऱ्यात आली की. नीट वाजवलंस तर बटणं राहू देत तशीच, मीही शिकेन. अडखळलास तर सगळ्या वऱ्हाडासमोर ती जागच्या जागी लाव. नाहीतर नवरीला आणायला त्या गाडीत मी बसणार नाही.”

“तीस वर्षं हा तेच सांगतोय,” देसांका म्हणाली (नऊ दिवसांतलं पहिलं वाक्य), “पोराच्या लग्नातच खोकं उघडीन, पोराच्या लग्नातच. आता उघड!”

मी टेबलावर हात आपटून मान्य केलं. सुरई परत आली आहे, उद्यापासून उरलेली घरं घेतो. मी माघार घेणाऱ्यातला नाही, हे तुला ठाऊक आहे. मुलांना पापा, तुझ्या बायकोला नमस्कार, आणि कंबर सांभाळ.

तुझा मेहुणा,
व्हितोमिर

ता. क. बटणं मी पूर्ववत करणार नाही. कोणी विचारलं तर हे वाक्य दाखव.

ता. क. २. तरी येताना ते तुझं बारीक स्क्रूड्रायव्हरचं पाकीट घेऊन ये. सहज.

ता. क. ३. तुमच्या ग्राझच्या मंडळाच्या कपाटात एक लाल अकॉर्डियन पडून असतं ना, बटणांचं? ते चार दिवसांसाठी माग. शनिवारी नाही, मंगळवारीच निघ, घोंगडीत गुंडाळून डिकीत ठेव, आणि आधी घरी न जाता दुकानावर ये. चौथ्या लिफ्टमागे कोणी येत नाही, मला तिथे सरावाला तीन संध्याकाळी मिळतील. तुझ्या बहिणीला सांगू नकोस, कुमांना तर मुळीच नाही.

ता. क. ४. दुकानाचा पहिला कॉम्प्रेसर चौऱ्याण्णव साली मी माझी पेटी विकून घेतला. माळ्यावरच्या खोक्यात तेव्हापासून सायकलच्या ट्यूबा आहेत.