सातव्या इनिंगमध्ये काढलेला पिचर

सेन्सेई, परवाच्या शनिवारी आपला बेसबॉलचा संघ हरला. सातव्या इनिंगपर्यंत दोन-शून्य पुढे होतो, आपल्या पिचरने समोरच्यांना एकही धाव दिली नव्हती, आणि नवे मॅनेजर शांतपणे मैदानात आले नि त्यांनी त्याला काढलं. पुढच्या पिचरच्या तिसऱ्याच चेंडूवर होमरन बसली, मग सामना हातात राहिलाच नाही. स्टँडमध्ये नेहमीचेच आम्ही तिघं होतो: तुमच्या पत्नी, ज्यांना लॅबमधले आम्ही सगळे अजूनही ओकुसान म्हणतो, तुमचे शाळेपासूनचे मित्र तोफूवाले, आणि मी. तोफूवाले उभे राहून ओरडत होते, "चांगला टाकत होता की! कशाला काढायचं त्याला?"

मी पुण्याहून जपानला, सेंदाईत तुमच्या लॅबमध्ये शिकायला नवीन आले तेव्हा तुम्हीच मला या स्टँडमध्ये आणलं होतं. मला वाटलं होतं, हाही क्रिकेटसारखाच खेळ असणार. पिचरला काढलं तेव्हा मी विचारलं, हा परत कधी येईल? तुम्ही म्हणालात, आज नाही. मी सांगितलं, आमच्याकडे दमलेला बॉलर बाउंडरीवर जाऊन उभा राहतो आणि तासाभराने कॅप्टन त्याला परत बोलावतो. तुम्ही म्हणालात, "तुमचा खेळ दयाळू आहे."

त्यानंतर तीन वर्षांनी तुम्ही मला काढलंत. ती दुपार अजून तशीच दिसते. दुसऱ्या शहरातल्या त्या मोठ्या यंत्रावर आपल्या लॅबला वर्षातून तीनच दिवस मिळतात, आणि हा दुसरा दिवस आहे. मी सकाळपासून नमुने लावतेय. दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. ती मीच पकडलीय, मीच दुरुस्त केलीय. तुम्ही मागे येऊन उभे राहता आणि सगळ्यांसमोर म्हणता, "आता तुम्ही बसा. पुढचं हे करतील." 'हे' म्हणजे आपले सहायक प्राध्यापक. ते हातमोजे चढवतात, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते. तासाभरात सगळ्यात पातळ नमुना, जो बनवायला मला आठ महिने लागले होते, त्यांच्या चिमट्यात तुटतो. तुम्ही काहीच बोलत नाही. परतीच्या शिंकान्सेन गाडीतही नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही यंत्र पुन्हा माझ्या हाती दिलंत, पण मला ती दया वाटली. ऐन वेळी या बाईचा भरवसा नाही, हे तुमचं मत असल्याचं मी स्वतःच मनात लिहून घेतलं आणि तुम्ही गेल्यावरही जपून ठेवलं. मोठा प्रयोग आला की मी मागे उभी राहायचे. यंदा संचालकांनी आपला गट सांभाळाल का म्हणून विचारलं, तर दोन महिने मी "विचार करते" एवढंच म्हणत होते.

म्हणून शनिवारी मी मॅनेजरची बाजू घेतली. म्हटलं, "त्यांचा पिचरवर भरवसा नसेल. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

"भरवसा?" ओकुसान माझ्याकडे वळल्या. "ह्यांनी तुम्हाला काढलं होतं, तेव्हा काय भरवसा नव्हता? घरी आले ते बूट काढायला दारातल्या पायरीवर बसले, ते बसूनच राहिले. म्हणाले, आज मी चांगल्या पिचरला काढलं. ती घाबरली नव्हती, मी घाबरलो."

"दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला होता," तोफूवाले म्हणाले. "मला विचारतो, तू असतास तर काढलं असतंस का? मी म्हटलं, मुळीच नाही!"

मी विचारलं, मग मला कधी बोलले का नाहीत?

"मॅनेजरने पिचरची माफी मागायची नसते म्हणे," ओकुसान म्हणाल्या. "मूर्खपणा. मी तेव्हाही तसंच सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्हाला एव्हाना कळलं असेल."

सेन्सेई, मला हसू आलं, आणि ते थांबेना. इतकी वर्षं मी ज्याला निकाल समजत होते तो एका घाबरलेल्या माणसाचा निर्णय होता, आणि तोही चुकलेला. त्यावर स्टँडमध्ये बसून वाद घालता येतो! स्टेशनपर्यंत आम्ही तिघं भांडत गेलो, कधी नव्या मॅनेजरवरून, कधी तुमच्यावरून. शेवटी शेवटी कोण कुणाबद्दल बोलतंय तेही कळत नव्हतं. त्या रात्री मी गाढ झोपले. सोमवारी सकाळी संचालकांना होकार कळवला, आणि खाली मान घालून नाही, त्यांच्याकडे बघून.

तुमचं चुकलंच, सेन्सेई. हे मोकळेपणाने म्हणता येतंय याचंच किती बरं वाटतंय. ओकुसान म्हणाल्या, "लिहून द्या, मी देव्हाऱ्यात ह्यांच्या फोटोपुढे ठेवते." पण हे पत्र मी त्यांच्याकडे देणार नाही. त्या ते वाचतील, आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. त्या दुपारी नमुना तुटल्याचा आवाज आला तेव्हा, माझे स्वतःचे आठ महिने गेले होते तरी, आधी मला आनंद झाला होता.