भावी पाणीपुरवठा अधिकारी

३ मार्च, सकाळी ७
आजपासून पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात. तरुणांसाठी प्रशिक्षण, तीन महिने, वर विद्यावेतन. फॉर्म ताईने परस्पर भरला. बी.कॉम. झालेल्या माणसाने नळदुरुस्ती शिकायची म्हणजे जरा हेच आहे. पण मोठी माणसं खालूनच वर येतात. संकल्प : पंधरा दिवसांत सगळं काम शिकणे. महिन्याभरात सुपरवायझर.

३ मार्च, संध्याकाळी
शिकवायला एक मिस्त्री आहेत. पन्नाशी उलटलेले, मितभाषी. विभागात काय काय सुधारायला हवं ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आधी पाना नीट धर. दबले असावेत. सोबत दहावी झालेली एक मुलगी आहे. दिवसभरात चार वाक्यंही बोलली नाही. मी तिचं नाव 'मौनी' ठेवलं. कसं व्हायचं बिचारीचं!

७ मार्च
अजून आटेच पाडतोय. पाइप शिकंज्यात धरायचा आणि दांडा फिरवत बसायचं. एका जागी उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. तीनदा पाणी प्यायलो, दोनदा उगाच गेटपर्यंत जाऊन आलो. मौनीचे अकरा पाइप झाले. माझे दोन, पण विचारपूर्वक. एकाचे आटे तिरके आले. मिस्त्री म्हणाले, हा कुठेच बसणार नाही. मी म्हटलं, नवीन डिझाइन आहे. हसले. माणूस हळूहळू खुलतोय.

१८ मार्च
संकल्पाप्रमाणे सगळं शिकून झालं. फक्त हात बसायचा राहिलाय. बाहेरच्या कामावर पाठवा, म्हणून मिस्त्रींच्या मागे लागलो.

२० मार्च
एका शाळेत नळांचे वॉशर बदलायचे होते. मौनी म्हणाली, आधी मेन व्हॉल्व्ह बंद करू. (पूर्ण वाक्य!) मी म्हटलं, त्यात कशाला वेळ घालवायचा, मी अंगठ्याने दाबून धरतो.
पाण्याला प्रेशर उत्तम आहे, हे सिद्ध झालं. मुख्याध्यापिकाबाई, त्यांची हजेरीपत्रकं आणि अर्धी पाचवी भिजली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मौनी धावत गेली आणि व्हॉल्व्ह बंद केला. परतताना मी तिला टीमवर्क म्हणजे काय ते समजावलं.

२२ मार्च
माझी स्टोअरला बदली. बढतीच म्हणायची. आईलाही तसंच सांगितलं.

५ एप्रिल
स्टोअरकीपर रजेवर. सगळा कारभार माझ्याकडे! चार दिवस खपून पाइपांच्या जोडात बसणारी रबरी गॅस्केटं रंगाप्रमाणे लावली. लाल, हिरवी, काळी. पूर्वी साइजप्रमाणे होती, अगदी गबाळं दिसायचं.

१९ एप्रिल
हॉस्पिटलसमोर मोठी लाइन फुटली. मिस्त्रींचा फोन आला : सहा इंची गॅस्केट, ताबडतोब. सहा इंची काळं असतं. काळी सगळी एकत्र. दोनेकशे असतील. मी एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. फोन पुन्हा पुन्हा वाजत होता. शेवटी मौनी स्कूटरवरून आली, सगळी जमिनीवर ओतली, वितीने मापून हवं ते काढलं आणि गेली.
पाऊण तास गेला. तिकडे हॉस्पिटलमध्ये पाण्यावाचून डायलिसिसचे तीन पेशंट खोळंबले होते. नंतर सगळे ठीक आहेत, असं कळलं. मी दोनदा फोन करून विचारलं.
चूक माझी नव्हती, पद्धतीची होती. पद्धत माझी होती.

२१ एप्रिल
इंजिनिअरसाहेबांनी चौकशीला बोलावलं. मी मुद्दे तयार ठेवले होते. त्याआधीच मिस्त्री म्हणाले, स्टोअरवर लक्ष ठेवायचं काम माझं होतं, ठपक्याची नोंद माझ्या नावावर करा. सत्तावीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही नोंद नव्हती म्हणे.
मी मुद्दे मांडले नाहीत. साहेब घाईत होते.
रात्री जेवलो नाही. ऊन फार आहे.

३० मे
ट्रेनिंग संपलं. मौनीला विभागात ठेवून घेतलं. मला सर्टिफिकेट. बाबांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.
मिस्त्रींना भेटून एकदा स्पष्ट बोलायचं ठरवलं होतं. गेलो. ते खड्ड्यात उतरून काम करत होते. काठावर जरा वेळ थांबलो. त्यांनी वर बघून विचारलं, काय रे? मी म्हटलं, काही नाही, येतो. सोमवारी नक्की बोलणार.

८ जून
सोमवार होऊन गेला.
दुपारी बाहेरून आलो, तर स्वयंपाकघरात एक अनोळखी माणूस सिंकखाली आडवा. नळ दोन दिवस गळत होता म्हणे. आईने प्लंबर बोलावला होता. मला उगाच त्रास कशाला, म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती.
सिंकखालून प्लंबरने विचारलं, कोणी टॉर्च धरेल का. मी धरला. त्याने विचारलं, तुम्ही काय करता? हॉलमधून बाबा काहीतरी सांगायला लागले. त्यांच्या आधी मीच म्हटलं, काही नाही, शिकायचंय अजून.
मग हलवू नका टॉर्च, म्हणाला.
नाही हलवला. अर्धा तास.