माहेरचं मीठ

आई, मी तुझ्या माहेरी जाऊन आले. आगबोटीने गेले. तू सांगितलेलं सगळं जागेवर होतं: मागीलदारची विहीर, ओसरीवरून दिसणारी मिठाची आगरं, सकाळी दारात येऊन हाक मारणारी मासेवाली. मी एकेक पाहत होते आणि आपलं ठाण्याचं घर आठवत होते. दोन खोल्या, विहीर गल्लीच्या टोकाला, आणि चुलीपाशी बसून तू म्हणायचीस, "आमच्या फिरंग्याच्या राज्यात पाण्यासाठी असं ताटकळावं लागत नाही."

लग्न होऊन तू आलीस ती पदराला मिठाची पुरचुंडी बांधून. सासरच्या चुलीवरचं पहिलं अन्न बापाच्या आगरातल्या मिठाने करायचं, ही तुमच्याकडची रीत. इंग्रजांच्या राज्यात तिकडचं मीठ आणणं गुन्हा, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. धक्क्यावर शिपायाने गाठ सोडायला लावली आणि मीठ पाण्यात ओतलं. बाबा ठाण्याच्या सरकारी मिठागरावर कारकून. चार लोकांत ते म्हणाले, "माझी नोकरी घालवतेस की काय?" हे तू इतक्यांदा सांगितलंस की ते मीठ पाण्यात पडताना मीच पाहिलं असं वाटतं.

बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. मामा आपल्याला न्यायला आला. मी दाराआड उभी आहे. तू त्याला वाढते आहेस आणि म्हणतेस, "हिची शाळा आहे. तिकडे मुलींना कोण शिकवतो?"

"शिकून काय मामलेदार होणार आहे ती?"

"होईल नाहीतर न होईल. तू जेव."

मामा एकटा परतला. तू लोकांचे मसाले कांडून घर चालवलंस, आणि कांडताना तिकडची थोरवी चालूच. तिकडचे मासे, तिकडचा वारा, तिकडचं मोकळं मीठ. दर वेळी मला एकच ऐकू यायचं: माझ्या शाळेपायी तू परक्या मुलखात अडकलीस. तू गेलीस त्या दिवशीही रडण्याआधी तेच मनात आलं. म्हणून इतकी वर्षं तिकडे जायचं टाळलं. तिकडे खरंच सुख दिसलं असतं तर मी काय केलं असतं?

मामा आता थकला आहे. त्याच्या आगरावरही पहारा बसला आहे. "तुमच्या इंग्रजाचे शिपाई," तो म्हणाला. "इंग्रज नि फिरंगी, दोघांचा करार झाला म्हणे. माझंच मीठ मला चोरून आणावं लागतं गो."

मामी तांदूळ निवडत होती. ती हसायला लागली. "तुझ्या आईने आम्हाला जीव नकोसा केला होता. प्रत्येक पत्रात तेच. आमच्याकडे दवाखाना आहे, आमच्याकडे आगगाडी आहे, आमची पोर पोथी घडाघडा वाचते. तुमच्याकडे काय आहे? विहीर!"

"आमच्याकडे, असं लिहायची?"

"आमच्याकडे! वर्षानुवर्षं."

ती पत्रं तू शेजारच्या मास्तरांकडून लिहून घ्यायचीस. घरात लिहिणारी मुलगी असून माझ्याकडून का नाही, म्हणून मी रुसायचे. आता कळलं. मी मागीलदारी गेले, पोहरा ओढला आणि ओंजळीने पोटभर पाणी प्याले. पाणी गोड आहे. तेवढं तू खरं सांगितलं होतंस.

हे मी कल्याणला, माझ्या घरी बसून लिहिते आहे. तुझ्या पितळी डब्यात ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. निघताना मामाने मिठाची पुरचुंडी दिली, ती मी टोपलीच्या तळाशी ठेवली. धक्क्यावर शिपायाने टोपलीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "सुकी मासळी आहे. उघडू?" त्याने नाकाला रुमाल लावला आणि हात हलवला. घरी आल्यावर पहिल्या वरणात तेच मीठ घातलं. सगळे जेवले. आई, चव काहीच वेगळी लागली नाही. मी मात्र पानावर सगळ्यांना सांगितलं, तिकडचं मीठच निराळं.