मुसराऱ्यातील वधूवस्त्रांची खोली

मी, फ्रेहा अझुलाय, कै. एलियाहू यांची पत्नी, राहणार मुसरारा, जेरुसलेम, वय एकोणऐंशी, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

एक. राहते घर माझा मुलगा मेइर याला मिळावे. मात्र रस्त्याकडची खोली, त्यातले वधूपोशाख, शिलाई मशीन व इस्त्री अविताल मेकोनेन हिच्या ताब्यात राहील आणि लग्नाच्या मुलींना पोशाख पूर्वीप्रमाणेच फुकट वापरायला मिळतील. मेइर म्हणाला, "आई, त्या खोलीला भाडं किती येईल, ठाऊक आहे?" मी म्हटले, "तुझी बायको मांडवात उभी राहिली, ती कुठल्या खोलीतून नटून गेली होती?" दुसऱ्या दिवशी येऊन त्याने खोलीचे गळके छत दुरुस्त केले. त्याचा मला अभिमान वाटतो. तोंडावर सांगायचे राहिले, म्हणून इथे.

दोन. अविताल माझ्या नात्याची नाही. तिच्या लग्नात वरमाईच्या हातातल्या मेणबत्तीने माझ्याकडून नेलेल्या पोशाखाचा घोळ पेटला. पोरगी वाचली, घोळ जळाला. विधी उरकल्यावर ती कोपऱ्यात रडत होती. "फ्रेहामावशी, मी भरून देईन. थोडं थोडं करून देईन."

आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे उसनी नेलेली वस्तू अपघाताने गेली तरी भरून द्यावी लागते. पण वस्तू देताना मालक स्वतः नेणाऱ्याच्या कामाला असेल, तर काही देणे लागत नाही. मी विचारले, "सकाळी पोशाख दिला तेव्हा टाचण्या कोण लावत होतं?"

"तुम्ही."

"म्हणजे मी कुणाच्या कामाला होते? तुझ्याच ना? मग शास्त्र तुझ्या बाजूचं आहे. जा, नाच."

ती नाचली. आठवड्याभरात सुईदोरा घेऊन दारात हजर झाली, ती आजतागायत येते. तेव्हापासूनचा आमचा रिवाज मोडू नये: मुलीने आधी प्यायला पाणी मागावे, आणि देणारीने पेला व पोशाख एकदमच द्यावा. शास्त्राला एवढी चाकरी पुरते. पोरगी लग्नात बिनघोर वावरते. हिब्रूत उसने पैसे देणे आणि एखाद्याला सोबत करणे हे शब्द एकाच मुळातले आहेत. तेव्हा अविताल, जमेल तिथे पोशाखाबरोबर तूही जा.

तीन. आईचे तांब्याचे पातेले माझ्या वाटणीचे. धाकटी बहीण झोहरा हिने ते मुलाच्या सुंतेच्या जेवणासाठी नेले आणि परत केले नाही. त्यावरून आमचे बोलणे तुटले. या कागदात त्याचे काय लिहावे ते ठरेना, म्हणून गेल्या महिन्यात मीच तिच्याकडे गेले.

दार उघडून म्हणाली, "पातेलं न्यायला आलीस?"

"नाही. त्यात काय शिजतंय ते बघायला."

"भोपळ्याचा रस्सा. मीठ जास्त झालंय."

"तुझं नेहमीच होतं."

आम्ही जेवलो. भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दोनदा तुझ्या दारापर्यंत घेऊन आले होते गं. पण परत दिलं असतं, तर पुन्हा यायला निमित्त काय उरलं असतं?"

म्हणून सदर पातेले मी झोहराला बक्षीस देत नाही. ते तिच्याकडे उसनेच राहील. माझ्यामागे त्याची मालकी मेइरकडे जाईल, आणि त्याने दर शुक्रवारी मावशीकडे जाऊन पातेल्याची चौकशी करावी.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

फ्रेहा अझुलाय

साक्षीदार: १. गिता ग्रोनर, शेजारीण
२. निसीम ताहान, शिंपी

जेरुसलेम, मंगळवार, १२ किस्लेव ५७८२