करडईच्या तेलाचा डबा

प्रिय राजू,

तेलाचा डबा परत आला तसं हे पत्र परत येऊ देऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आनंदाने लिहिते आहे हे आधीच सांगते, नाहीतर अमडापूरहून पत्र आलं म्हणजे आई गेली की काय, असं तुला वाटायचं. आई आहे. सकाळी दोन भाकरी खाऊन माझ्याशी भांडली आणि आता ओट्यावर ऊन खात बसली आहे. पण काल अकोल्याहून अशी बातमी घेऊन आले आहे की माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. तुझ्या साखरपुड्याला आईने खवट तेल मुद्दाम पाठवलं नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंचं ऐकलं तेव्हा माझी खात्री पटली.

चार वर्षं झाली, पण तो दिवस तुझ्या डोळ्यांपुढून हलला नसेल. सोयरिकीच्या घरी आपल्या घाण्याचं तेल पाठवायचं, ही आजोबांपासूनची रीत. डब्याला नाक लावायचा मान एकट्या आईचा. करंगळी बुडवायची, मनगटावर चोळायची, हुंगायचं. ती 'ताजं हाय' म्हणाली की झाकण बंद. मग दुसऱ्या कोणी त्यात नाक खुपसायचं नाही. त्याच करडईच्या तेलात मेहकरला भजी तळली. आचाऱ्याचं नाक तंबाखूने केव्हाच गेलेलं, त्याला काय कळणार! तुझ्या सासऱ्यांच्या, नीळकंठरावांच्या अंगणात पाहुण्यांनी पहिल्याच घासाला तोंडं वाकडी केली. तुझे सासरे कचेरीतले माणूस, वावगा शब्द बोलले नाहीत, फक्त डबा परत दिला. लग्न झालं, पण तू म्हणालास की जिला मूठभर शेंगदाण्यांतला एक खवट दाणा कळतो, तिला डबाभर तेल कळलं नाही हे मला कोणी सांगू नये. तिला प्रतिमा सून म्हणून नको होती म्हणून तिने माझी शोभा केली, असंही म्हणालास. त्यानंतर तू आपला उंबरा चढला नाहीस.

आई विसरते हे निवृत्तीमामांनी तुला सांगितलंच असेल. वरणात दोनदा मीठ पडतं, बसस्टँडवरून घर सापडत नाही, मला कधीकधी वंदनाऐवजी शेजारणीच्या नावाने केसरबाई म्हणते. म्हणून अकोल्याला नेलं. बाईंनी बरंच काही विचारलं, मेंदूचा फोटो काढायला लावला आणि आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. मग आईचे डोळे मिटायला लावून एकेक बाटली नाकाशी धरली. लवंग, कॉफी, साबण, शेवटी रॉकेल. आईने चारही बाटल्यांना गंभीरपणे 'ताजं हाय' म्हटलं. मला हसू फुटलं, आणि तेवढ्यात बाईंनी विचारलं की यांना वास येणं कधीपासून बंद झालं? मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते.

आता तू विज्ञानाचा मास्तर आणि मी दहावीला त्याच विषयात रडतखडत पास झालेली, तरी आज शिकवणार मी! मेंदू अंगाच्या वजनाच्या पन्नासाव्या भागाएवढा, पण घेतलेल्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा एकटा खातो. एवढी चूल पेटती म्हटल्यावर ठिणग्या उडणारच. तरुणपणी मेंदू त्या तिथल्या तिथे विझवतो. वय झालं की विझवणारे थकतात, आणि ठिणग्या पेशींना चटके देत राहतात. त्यात मेंदूत स्निग्ध पदार्थ भरपूर. मी मध्येच विचारलं, म्हणजे तो खवट होतो का? आधी बाई हसल्या, मग म्हणाल्या, अगदी तेच. उघड्या डब्यातलं तेल हवेने बिघडतं, त्याच जातीची ही क्रिया. राजू, तीन पिढ्या घाणा चालवून आपल्याला हे सुचू नये? हे एकच कारण नाही म्हणाल्या. चिकट प्रथिनांची पुटं साचतात, आनुवंशिक कारणंही असतात, आणि म्हातारपण आलं म्हणजे प्रत्येकाला हा आजार होतोच असंही नाही. पण पुष्कळांच्या बाबतीत वास ओळखणाऱ्या भागाला झळ फार लवकर लागते. नावं, रस्ते विसरायच्या कितीतरी वर्षं आधी.

मग मी परतीच्या बसमध्ये मागचं आठवत बसले. तुझ्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात दूध करपून पातेलं काळं झालं आणि आई शेजारीच गहू निवडत होती. भागवतच्या दुकानातून कुबट बेसन तिने स्वतः निवडून आणलं. तेव्हा आम्ही तिला हसलो होतो. चार वर्षांपूर्वीही आईला वास येत नव्हता हे शपथेवर सांगाल का, असं मी निघताना बाईंना विचारलं होतं, तेव्हा त्यांनी हात वर केले. तेव्हाचं नाक आज तपासता येत नाही, पण जुळतंय, एवढंच म्हणाल्या. मला तेवढं पुरलं. आणि दुसरा पुरावा माझ्या घरात आहे. आई रोज सकाळी घाण्यावर येते, हाताला लागेल तो डबा भरते, करंगळी बुडवून हुंगते आणि मला विचारते, "राजूच्या सासरी डबा पोचला का वं?" जिला तुझी शोभा करायची होती, ती बाई रोज हे विचारेल का?

आता जे लिहायला बसले, ते लिहिते. त्या दिवशी आईने झाकण लावायच्या आधी डबा मी धरला होता. वास मला आला होता, राजू. मला वाटलं, आई मुद्दाम देते आहे, आणि मला ते बरं वाटलं. तू घाणा माझ्या गळ्यात टाकून मेहकरला चालला होतास, मलाही ते लग्न नको होतं. म्हणून गप्प बसले, आणि चार वर्षं तिच्या नावावर चालू दिलं. काल कळलं की मुद्दाम जे झालं ते फक्त माझ्याकडून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई ओळखताहेत तोवर माणसांची भेट घडवून आणा. अजून ती तुला ओळखते. तू ये. प्रतिमालाही आण. माझ्याशी बोलू नकोस, मी घाण्यावर बसून राहीन. तू तिच्यापाशी बस आणि डबा पोचला म्हणून सांग.

दोष माझा, तरीही तुझीच,
वंदनाताई